कालयंत्राच्या दुसऱ्या फेरीची वाट

१८ जुलै १९९१ रोजी ‘आदित्य ३६९’ हा तेलुगू चित्रपट प्रदर्शित झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २४ जुलैला, डॉ. मनमोहन सिंग यांनी लोकसभेत आपला पहिला अर्थसंकल्प मांडला आणि देशाच्या अर्थव्यवस्थेची दारं उघडली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीही बंगळूरचा इतिहास वाचताना त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पडद्यावर एक प्राध्यापक लुकलुकत्या दिव्यांचं कालयंत्र बनवून माणसांना १५२६ सालच्या विजयनगरात आणि तिथून २५०४ सालात धाडत होता. त्याच सुमारास, पेन्शनर लोकांचं आणि बागांचं म्हणून ओळखलं जाणारं हे शहर स्वतःच एका निराळ्या काळात शिरत होतं.

त्या कालयंत्राची दुसरी फेरी कधी निघणार, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. नायक नंदमुरी बालकृष्ण यांनी पुढच्या भागाचा विषय वर्षानुवर्षं काढला. त्यांचा शंभरावा चित्रपट हाच असेल अशी चर्चा एका टप्प्यावर जोरात होती. पण शंभरावा म्हणून २०१७ च्या संक्रांतीला आला तो ‘गौतमीपुत्र सातकर्णी’. पुढे २०२४ च्या अखेरीस बालकृष्ण यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘आदित्य ९९९ मॅक्स’ हे नाव जाहीर केलं आणि मुलगा मोक्षज्ञ त्यात असेल असं सांगितलं. ४ एप्रिल २०२५ रोजी मूळ चित्रपट नव्याने झळाळी देऊन पुन्हा पडद्यावर आणला गेला. पहिल्या वेळी शाळेत असलेली मुलं आता पन्नाशीकडे झुकली आहेत. त्यांनी वाट पाहणं सोडलेलं नाही.

हा चित्रपट हैदराबाद आणि चेन्नईच्या चित्रसृष्टीचा. मग त्याची गोष्ट बंगळूरहून का सांगायची? कारण त्याचा दिग्दर्शक. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा जन्म १९३१ चा, नेल्लोर जिल्ह्यातल्या उदयगिरीचा. के. व्ही. रेड्डी यांचे सहायक म्हणून त्यांनी उमेदवारी केली आणि १९५७ च्या ‘मायाबाजार’वर काम केलं. छायाचित्रकार मार्कस बार्टलींनी त्या चित्रपटात कॅमेऱ्याच्या करामतीने घटोत्कचाची माया उभी केली होती. तंत्राची ही चटक तिथली. पण ऐंशीच्या दशकात सिंगीतम यांची मोठी कर्मभूमी ठरलं ते कन्नड चित्रपटविश्व. डॉ. राजकुमार यांच्यासाठी त्यांनी ‘हालु जेनु’, ‘चलिसुव मोडगळु’, ‘श्रावण बंतु’, ‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा’ असे एकामागून एक चित्रपट केले. राजकुमार यांचा मुलगा शिवराजकुमार याला नायक म्हणून पहिल्यांदा उभं करणारा १९८६ चा ‘आनंद’ही त्यांचाच. राजकुमार म्हणजे कर्नाटकाचं दैवत. त्या घराने आपल्या थोरल्या मुलाचं पदार्पण या तेलुगू दिग्दर्शकाच्या हाती सोपवलं, यावरून त्यांच्यावरचा भरवसा कळतो.

मराठी प्रेक्षकाला सिंगीतम माहीत आहेत ते ‘पुष्पक’मुळे. कमल हसन, अमला आणि एकही संवाद नाही. १९८७ सालचा हा चित्रपट बंगळूरमध्येच चित्रित झाला. शृंगार नागराज या कन्नड अभिनेत्या-निर्मात्याने दिग्दर्शकाबरोबर तो काढला आणि त्यातलं आलिशान हॉटेल म्हणजे बंगळूरचं विंडसर मॅनर. त्यातला एक प्रसंग सिंगीतम यांच्या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. बेकार नायक एका चित्रपटगृहाला लागून असलेल्या खोलीत राहतो. रात्रभर भिंतीपलीकडून मारामारीचे आवाज येतात. योगायोगाने तो श्रीमंत माणसाच्या जागी हॉटेलच्या गुबगुबीत पलंगावर पोहोचतो, तेव्हा त्या शांततेत त्याला झोपच लागत नाही. मग तो जुन्या खोलीत जाऊन तो कलकलाट टेपवर भरून आणतो, हॉटेलात लावतो आणि गाढ झोपतो. गरिबी, सवय, शहर, सगळं एका टेपरेकॉर्डरमध्ये आलं. याच चित्रपटात बर्फाचा खंजीर घेऊन हिंडणारा भाडोत्री मारेकरी आहे. खून झाला की हत्यार वितळून जावं, ही त्याची युक्ती. पण बंगळूरच्या हवेत बर्फ आधीच पाघळतो. हा मारेकरी रंगवला टिनू आनंद यांनी. चार वर्षांनी सिंगीतम यांना कालयंत्र बनवणारा प्रोफेसर रामदास हवा होता, तेव्हा त्यांनी टिनू आनंद यांनाच बोलावलं.

‘पुष्पक’ ते ‘आदित्य’ हा प्रवास असा एकाच हाताचा आहे. दोन्हीकडे साध्या माणसाला अचानक भलत्या जागी नेऊन ठेवायचं आणि तो काय करतो ते पाहायचं. एकीकडे ती जागा पंचतारांकित हॉटेल आहे, दुसरीकडे सोळावं शतक.

गोष्ट थोडक्यात अशी. कृष्णदेवरायाच्या काळातला अमूल्य हिरा संग्रहालयात ठेवलेला आहे. पुरातन वस्तूंचा हव्यास असलेल्या राजा वर्माला तो हवा आहे. ही भूमिका अमरीश पुरींची, म्हणजे आपल्याकडे मोगँबोची दहशत ताजी असतानाची. प्रोफेसरच्या कालयंत्रात बसून कृष्णकुमार, हेमा आणि त्यांच्याबरोबर एक पोलीस शिपाई थेट विजयनगरात उतरतात. तिथे सिंहासनावर कृष्णदेवराय आहे, तोही बालकृष्णच. दरबारात तेनाली रामकृष्ण आहे. पुढची उडी २५०४ सालात. तिथे अणुयुद्धाने पृथ्वीचा पृष्ठभाग राहण्यालायक उरलेला नाही आणि माणसं जमिनीखाली राहतात. संगीत इळैयराजांचं. छायाचित्रणाला तीन जण होते: पी. सी. श्रीराम, व्ही. एस. आर. स्वामी आणि कबीर लाल. श्रीराम आजारी पडल्यामुळे विजयनगर स्वामींकडे आणि भविष्यकाळ कबीर लाल यांच्याकडे गेला. झालं ते अडचणीतून, पण फायदाच झाला. तीन काळांना तीन निरनिराळे प्रकाश मिळाले.

संगणकावर दृश्यं घडवण्याची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. जे काही दिसतं ते सुताराने, रंगाऱ्याने, वायरमनने आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाने घडवलेलं. आजच्या डोळ्यांना २५०४ सालचे पोशाख आणि यंत्रं भाबडी वाटतील. पण विजयनगरचा भाग अजून पकड घेतो, कारण तिथे दिग्दर्शकाला चमत्कारापेक्षा माणसांत रस आहे: दरबारात नव्या जमान्याच्या माणसाने तोंड उघडलं की काय गोंधळ होईल, आणि तेनालीसारखा चतुर माणूस त्याच्याकडे कसा पाहील.

या कल्पनेचं मूळ एच. जी. वेल्सच्या १८९५ मधल्या ‘द टाइम मशीन’ कादंबरीत आहे. सिंगीतम यांच्या मनात ती तरुणपणापासून होती. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट पॉल नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराने पेटंटसाठी अर्ज केला होता. प्रेक्षकांना हलत्या फलाटावर बसवायचं, समोर चित्रं दाखवायची आणि भूतकाळात व भविष्यकाळात गेल्याचा भास घडवायचा, अशी त्याची योजना होती. ती उभी राहिली नाही; पॉल मात्र ब्रिटिश चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकांत गणला गेला. म्हणजे सिनेमा आणि कालयंत्र या दोन कल्पना जवळपास जुळ्याच आहेत. आपल्याकडेही दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेका चौकटीने टिपली आणि दिवसांचा काळ पडद्यावर क्षणांत आणून दाखवला. भांडवल देणाऱ्यांना पटलं ते यामुळेच.

१५२६ हे साल मराठी माणसाच्या कानाला लगेच लागतं: पानिपतची पहिली लढाई. बाबर दिल्लीत शिरत होता तेव्हा दक्षिणेत कृष्णदेवरायाची वीस वर्षांची कारकीर्द उत्तरार्धात होती. १५०९ ते १५२९ हा तिचा काळ. यंत्र त्या वर्षी चुकून बंगळूरच्या जागी उतरलं असतं, तर शहर भेटलं नसतं. बेगूरच्या नागेश्वर मंदिरातला नवव्या शतकाच्या शेवटचा वीरगळ बंगळूरच्या लढाईचा उल्लेख करतो, त्यामुळे नाव जुनं आहे हे खरं. पण मातीचा कोट आणि पेठा वसवणारा केंपेगौडा विजयनगरचा मांडलिक होता आणि त्याने ते काम केलं १५३७ मध्ये. चिकपेट, बळेपेट, अक्किपेट अशा नावांनी त्या पेठा आजही गजबजलेल्या आहेत. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले आणि बंगळूर भोसल्यांच्या जहागिरीत आलं. मल्लेश्वरमला आपलं नाव देणाऱ्या काडु मल्लेश्वर मंदिराशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे. विजयनगर, विजापूर, मराठे, म्हैसूर अशी सत्तांची अदलाबदल पाहिलेल्या या गावाला कालप्रवासाची गोष्ट आपली वाटली तर नवल नाही.

कृष्णदेवराय नेमका कोणाचा, यावर तेलुगू आणि कन्नड माणसं पिढ्यानपिढ्या हक्क सांगत आली आहेत. त्याने ‘आमुक्तमाल्यद’ तेलुगूत लिहिलं. राजधानी हंपी कर्नाटकात. पडद्यावरही हा हक्क दोन्हीकडून बजावला गेला. एन. टी. रामाराव यांनी १९५६ च्या ‘तेनाली रामकृष्ण’मध्ये आणि पुन्हा १९६२ च्या ‘महामंत्री तिम्मरुसु’मध्ये हा राजा उभा केला, बी. आर. पंतुलू यांच्या १९७० च्या कन्नड ‘श्री कृष्णदेवराय’मध्ये राजकुमार राजा झाले. बालकृष्ण हे रामारावांचे चिरंजीव, तेव्हा १९९१ मध्ये वडिलांचा मुकुट मुलाच्या डोक्यावर आला. राजकुमारांबरोबर इतकी वर्षं काम केलेल्या दिग्दर्शकाने तो घातला, ही गोष्ट बंगळूरच्या जुन्या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणारी नव्हती.

भूगोलही मदतीला आहे. बालकृष्ण २०१४ पासून ज्या हिंदूपूरचे आमदार आहेत ते बंगळूरच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. त्याआधी रामारावही तिथूनच निवडून येत. हिंदूपूरपासून जवळच लेपाक्षी आहे. तिथलं वीरभद्राचं देऊळ कृष्णदेवरायाचा भाऊ अच्युतराय याच्या कारकिर्दीतलं, म्हणजे चित्रपटातल्या सालापासून फार दूर नाही. महामंडपाच्या छतावर नजर टाकली तर विजयनगरचे लोक दिसतात: पट्ट्यापट्ट्यांची आणि वेलबुट्टीची वस्त्रं नेसलेल्या बायका, उंच टोकदार टोप्या घातलेले पुरुष, शिवपार्वतीच्या विवाहाला जमलेली वऱ्हाडी मंडळी. लाल, काळा, पिवळा असे मातीचे रंग अजून टिकून आहेत. खरं कालयंत्र हवं असेल तर ते या छतावर आहे. कोणत्याही सेटपेक्षा इथे विजयनगर अधिक जवळ येतं.

बंगळूरने ‘आदित्य ३६९’ पाहिला तो तेलुगूतच, आणि यालाही एक इतिहास आहे. साठच्या दशकात कन्नड चित्रपटांना स्वतःच्या शहरात जागा मिळत नव्हती. कादंबरीकार अ. न. कृष्णराव यांच्यासारखे लेखक पुढे आले, राजकुमारांसारखे कलावंत सामील झाले आणि परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करून आणायला विरोध सुरू झाला. कायदा कुठेही नव्हता. पण चित्रपटसृष्टीने पाळलेली ही बंदी जवळपास पाच दशकं टिकली. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ती स्पर्धेला बाधक ठरवली आणि २०१७ च्या मार्चमध्ये ‘सत्यदेव आयपीएस’ हा तमिळवरून डब केलेला चित्रपट लागला, तेव्हा ती मोडली.

बंदीने कन्नड कलावंतांना काम मिळालं, हे तिच्या बाजूचं म्हणणं रास्त आहे. तिचा दुसरा परिणाम मात्र कमी बोलला जातो. बंगळूरचा माणूस तेलुगू चित्रपट तेलुगूत, तमिळ चित्रपट तमिळमध्ये आणि हिंदी हिंदीत पाहत मोठा झाला. मॅजेस्टिक भागात केंपेगौडा रस्त्याच्या आसपास चालत जायच्या अंतरावर चार-पाच भाषांची पोस्टरं लागलेली असत. ज्या चित्रपटगृहावरून या भागाला मॅजेस्टिक म्हणतात ते केव्हाच पाडलं गेलं. मोरारजी देसाई यांच्या हस्ते १९६८ मध्ये सुरू झालेलं भव्य ‘कपाली’ही गेलं. पण या शहराच्या कानाला जी बहुभाषिक सवय लागली ती राहिली. परक्या भाषेतल्या चित्रपटाच्या पुढच्या भागाची वाट बंगळूर आपलेपणाने पाहू शकतं ते या सवयीच्या जोरावर.

जुना चित्रपट पुन्हा लावण्याची रीतही या शहराची जुनी. उपेंद्र यांनी दिग्दर्शित केलेला आणि शिवराजकुमार यांचा १९९५ चा ‘ओम’ कर्नाटकात पाचशेहून अधिक वेळा पुन्हा लागल्याची नोंद आहे. छोट्या गावातल्या टॉकीजला आठवड्यासाठी चित्रपट कमी पडला की ‘ओम’ची पेटी मागवायची आणि घर भरायचं, असा तो हुकमी एक्का. उपेंद्र यांचाच १९९८ चा ‘ए’ २०२४ मध्ये पुन्हा आला, तेव्हा पहिल्या वेळी जन्मालाही न आलेली पोरं शिट्ट्या वाजवायला हजर होती. आज मल्टिप्लेक्सवाले पुनर्प्रदर्शन ही नवी युक्ती म्हणून विकतात. बंगळूरच्या टॉकीजवाल्याला ती आजोबांच्या काळापासून ठाऊक आहे. ‘आदित्य ३६९’ २०२५ मध्ये परतला तो या तयार वाटेवरून.

पुढच्या भागाची वाट पाहण्याचे इतर दाखले पाहिले की धीरही येतो आणि धास्तीही वाटते. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये तिकीटबारीवर फार चालला नाही. व्हिडिओ कॅसेटींनी त्याला भक्त मिळवून दिले आणि ‘ब्लेड रनर २०४९’ आला २०१७ मध्ये, पस्तीस वर्षांनी. त्याच १९८२ च्या ‘ट्रॉन’चा पुढचा भाग अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये आला. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या कर्त्यांनी मात्र १९९० च्या तिसऱ्या भागानंतर दार लावून घेतलं आणि ते उघडायला ठाम नकार दिला. त्यांचा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यांची गोष्ट तिथे संपली होती.

आपल्याकडचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. त्याच्या पुढच्या भागाची हूल कितीदा उठली. २०२० मध्ये अली अब्बास जफर यांनी तीन भागांची घोषणा केली, तेव्हा मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी आपल्याला कोणी विचारलंही नाही अशी जाहीर तक्रार केली. प्रश्न कायद्याचा असेल, पण त्याहून मोठा मानाचा होता. त्या चित्रपटात बजरंगबलीच्या मूर्तीचा मार खाणारा गोरा गुंड आठवत असेल. तो रंगवणारे बॉब क्रिस्टो हे ऑस्ट्रेलियाचे सिव्हिल इंजिनिअर. उत्तरायुष्यात ते बंगळूरला स्थायिक झाले, योग शिकवू लागले आणि मार्च २०११ मध्ये याच शहरात वारले.

विज्ञानकथेच्या बाबतीत बंगळूरकडे आणखी एक मोठं नाव आहे. ‘सुजाता’ या टोपणनावाने लिहिणारे तमिळ लेखक एस. रंगराजन बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता होते. मतदान यंत्राच्या विकासात त्यांचा वाटा होता. दिवसा सर्किट आणि रात्री कथा. पळवलेल्या क्षेपणास्त्राभोवती फिरणारा कमल हसन यांचा १९८६ चा ‘विक्रम’ त्यांच्या लेखणीतून उतरला, रजनीकांत यांचा २०१० चा ‘एंदिरन’ही, जो हिंदीत ‘रोबोट’ म्हणून गाजला. ‘विक्रम’ पहिल्या वेळी जेमतेम चालला. २०२२ मध्ये लोकेश कनगराज यांनी त्याच नावाने, तोच नायक घेऊन नवा चित्रपट काढला आणि तो तुफान चालला. छत्तीस वर्षांनी जुन्याचं सोनं झालं. ते पाहायला सुजाता नव्हते. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं.

सिंगीतम यांचं नशीब त्या मानाने थोर. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’साठी दिग्दर्शक नाग अश्विन यांनी त्यांना मार्गदर्शक म्हणून बरोबर घेतलं. महाभारतातला अश्वत्थामा आणि जवळपास नऊशे वर्षांपुढची काशी एका गोष्टीत बांधायची, तर भूत आणि भविष्य यांची गाठ मारणारा माणूस शेजारी हवाच. नव्वदी ओलांडलेल्या दिग्दर्शकाकडे तरुणांनी शिकायला जावं, हे आपल्या चित्रसृष्टीत क्वचित घडतं. ‘आदित्य ९९९ मॅक्स’चा विचार करणाऱ्यांनीही हाच धडा गिरवावा. पुढच्या भागाकडून लोकांना मोठे स्फोट नको आहेत. ते दर शुक्रवारी मिळतात. त्यांना हवं आहे ते इतिहासाबद्दलचं कुतूहल आणि तेनालीच्या तोंडचा हजरजबाबीपणा.

आता तंत्राची वाण उरलेली नाही. ज्या बंगळूरमध्ये १९९१ साली सॉफ्टवेअर पार्कची पायाभरणी होत होती, तिथे पुढे हॉलिवूडच्या प्राण्यांचे केस न् केस संगणकावर विंचरले गेले. तो धंदाही बेभरवशाचा निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सचा टेक्निकलर समूह कोसळला आणि बंगळूरमधल्या त्याच्या स्टुडिओतले असंख्य कलाकार एका फटक्यात घरी बसले. जगभरच्या पडद्यांसाठी भविष्यकाळ घडवणारे हे तरुण हात इथेच आहेत. विजयनगर पुन्हा उभारायचं तर त्यांच्याइतके जवळचे कोण सापडणार?

पुढच्या भागाच्या गप्पा करताना पहिला भाग जिवंत राहिला आहे, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. ती धरता येत नाही. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये तयार झाला. वाय. व्ही. राव दिग्दर्शक, सुब्बय्या नायडू इंद्रजित, आर. नागेंद्रराव रावण. बंगळूरहून मंडळी कोल्हापूरला गेली, सुमारे दोन महिने राहिली, चित्रण उरकून परतली आणि ३ मार्च १९३४ रोजी सिटी मार्केटजवळच्या ‘पॅरामाउंट’मध्ये चित्रपट लागला. मराठी स्टुडिओत जन्मलेला हा कन्नड बोलपट आज पाहायला मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जुनी रिळं गोळा केली, पण तोवर असं कितीतरी गेलं होतं. जे हाती आलं त्यातलंही काही जानेवारी २००३ च्या पुण्यातल्या आगीत जळालं.

‘सती सुलोचना’च्या मानाने ‘आदित्य ३६९’ कालचा. तरी फिल्मवर चित्रित झालेला, म्हणजे ओलावा आणि उष्णता यांच्या तावडीतला. वेळेवर झाडपूस झाली म्हणून २०२५ मध्ये तो पडद्यावर येऊ शकला. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले दक्षिणेतले किती चित्रपट अशी निगा न मिळता गोदामांत पडून आहेत, याचा विचार अस्वस्थ करतो. ‘ओम’च्या पेट्या गावोगाव फिरल्या, प्रत्येक फेरीत रिळांवर ओरखडे पडले. लोकप्रियतेनेच प्रती झिजवल्या.

म्हणून मागणं साधं आहे. ‘आदित्य ९९९ मॅक्स’ ज्या कोणाच्या हातून पुरा होईल त्यांनी जुन्या चित्रपटाची चांगली प्रत, सेटची रेखाटनं, पोशाखांची चित्रं, कालयंत्राचा जो काही सांगाडा शिल्लक असेल तो, सगळं पुण्याच्या संग्रहालयात किंवा त्याच्या बंगळूर शाखेत जमा करावं, आणि सिंगीतम यांना समोर बसवून त्या तीन काळांच्या चित्रणाची हकिगत तपशिलाने नोंदवून घ्यावी. त्यांचं वय पाहता हे काम नव्या चित्रपटाच्या मुहूर्ताआधी व्हायला हवं.